दिसला का जी?

ताडोब्याच्या कुठल्याही दारावर सकाळी दहाच्या सुमाराला उभं राहून पाहा. मोहर्ली घ्या, कोलारा घ्या, नवेगाव घ्या. धुळीनं माखलेल्या जिप्स्या एकामागून एक बाहेर पडतात आणि चहाच्या टपरीवरचा माणूस, दुपारच्या फेरीची वाट पाहणारे पाहुणे, रिसॉर्टचा मॅनेजर, सगळे एकच विचारतात, "दिसला का जी?" काय दिसला, हे कुणाला सांगावं लागत नाही. 'हो' म्हणणाऱ्याचा चेहरा निवडून आलेल्या सरपंचासारखा असतो. 'नाही' म्हणणारा मान खाली घालून उतरतो आणि पैसे बुडाल्यासारखा हॉटेलाकडं चालू लागतो.

माझं भांडण या प्रश्नाशी आहे. गाभा आणि बफर मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १,७२७ चौरस किलोमीटरचा आहे. त्यात साग आहे, ऐन आहे, बांबूची रांजी आहेत, मोह आहे, तेंदू आहे, गवे आहेत, अस्वलं आहेत, तलाव-नाले आहेत आणि बफरमध्ये माणसांची गावंही आहेत. एवढ्या सगळ्याची किंमत एका 'हो' किंवा 'नाही'वर ठरत असेल, तर जंगल पाहायला आलेला माणूस जंगल पाहतच नाही. तो नशीब पाहायला येतो. ते त्यानं मुंबईत लॉटरीच्या दुकानातही पाहिलं असतं.

मी बफरमधल्या गावचा. बाप धानाचा शेतकरी, पाच एकर वावर, त्यातल्या दोन बांध्या जंगलाला लागून. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली आणि आता निवृत्त झालो आहे. त्यामुळं वाघाबद्दल बोलताना मला ना शिकाऱ्याचा थाट जमत, ना छायाचित्रकाराचा. आमच्या घरात वाघ हा पावसासारखा विषय होता. आला तर अडचण, नाही आला तर त्याहून मोठी अडचण. माझी आजी दिवेलागण झाल्यावर त्याचं नाव घेत नसे. 'मोठा' म्हणायची. "मोठा हिंडून रायला नाल्याकडं, लेकरायले घरात घ्या." त्या 'मोठा' शब्दात भीती होती, मान होता आणि शेजारपण होतं. आज टपरीवरच्या प्रश्नात यातलं एकही उरलेलं नाही.

ताडोबा हे नाव वाघावरून पडलेलं नाही, हे किती पर्यटकांना ठाऊक असतं? तारू नावाचा गावचा प्रमुख होता. तलावाच्या काठी वाघाशी झालेल्या झुंजीत तो मेला आणि लोकांनी त्याला देव केलं, अशी गोंडांची कथा आहे. तलावाकाठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौषात तिथं यात्रा भरत आली आहे. जरा विचार करा. वाघानं आपला प्रमुख मारला आणि या लोकांनी वाघाचा निर्वंश करायची शपथ घेतली नाही. मेलेल्याला देव केलं आणि वाघाला त्याच्या जागी राहू दिलं. याच इलाख्यात वाघालाही शेंदूर लागतो, पाड्याच्या शिवेवर वाघोबा बसलेला असतो. मारणारा आणि मेलेला दोघांनाही नारळ फोडणारी ही माणसं. आणि आज त्यांनाच शिकवलं जातं, की वाघ वाचवा!

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून माझे साडू सहकुटुंब आले. मेहुणी, त्यांची मुलगी, जावई आणि नातू. एका जिप्सीत सहा पाहुणे बसतात, पाच ते आणि सहावा मी. गाइड म्हणून आली ती शेजारच्या गावची पोरगी, माझ्याच शाळेतली. मला पाहून लाजली. "गुरुजी, तुमी कायले पैसे देऊन येता?" असं हळूच म्हणाली.

पोरगी हुशार. पहिल्या अर्ध्या तासात तिनं काय काय दाखवलं! ऐनाच्या खोडाची साल मगरीच्या पाठीसारखी कशी भेगाळते, मोहाच्या झाडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे कुठवर चढतात, वाळवीच्या वारुळावर ताजं उकरलेलं कसं ओळखायचं. बांबूच्या आडून गव्यांचा कळप निघाला. पायात पांढरे मोजे घातल्यासारखे ते काळे डोंगर रस्ता ओलांडून गेले. नंतर सात रानकुत्री आमच्यापुढून पळत गेली. रानकुत्रा आज संकटात असलेला प्राणी. त्यांचा कळप असा उघड्यावर दिसायला नशीब लागतं. जावईबापू घड्याळ पाहून म्हणाले, "ते ठीक आहे, पण वाघ कुठं आहे? आठ वाजले." पोरगीचं बोलणं तिथंच आटलं. तिनं ड्रायव्हरकडं पाहिलं, ड्रायव्हरनं गिअर टाकला. पुढचा तासभर आम्ही जंगलातून गेलो असं म्हणता येत नाही. आम्ही रस्त्यावरून गेलो.

मग कुठून तरी चितळाचा कॉल आला, समोरून येणाऱ्या ड्रायव्हरनं हातानं खूण केली आणि आम्ही एका मोकळ्या कुरणाच्या कडेला पोहोचलो. तिथं आधीच दहा जिप्स्या. आमची अकरावी. गवतात एक वाघीण आडवी पडली होती. कान हलत होता, बाकी काही नाही. एका वाघिणीला पन्नास-साठ माणसं आणि तोफांएवढाले कॅमेरे. मोबाईल आत नेऊ देत नाहीत म्हणून, नाहीतर सगळ्यांनी तिच्याकडं पाठ करून स्वतःचेच फोटो काढले असते. मेहुणीबाईंनी हात जोडले. जावईबापू उभे राहिले. मागच्या गाडीतला एकजण आमच्या ड्रायव्हरवर ओरडला, "गाडी पुढं घे ना, आम्हीपण पैसे भरलेत!"

त्या गोंधळात पोरगी माझ्या कानाशी म्हणाली, "गुरुजी, हे माह्या मामाचं वावर होय."

मी पाहिलं. गवताखाली बांध्यांच्या पाळी अजून समजत होत्या. कडेला एक आंबा उभा होता, रानात आपोआप उगवत नाही तसा, माणसानं लावलेला. हे जामणी. गाव उठलं, घरं पाडली, वावरात गवत वाढलं, गवतावर चितळ आलं, चितळामागं वाघ आला. नवेगावच्या जुन्या जागेचंही असंच. आज ताडोब्यात ज्या कुरणांवर हमखास वाघ दिसतो म्हणून लोक आधीपासून बुकिंग करतात, त्यातली काही कुरणं कुणाच्या तरी रोवणीची जमीन आहेत. बोटेझरी उठलं, कोळशातली घरं उठली, नवेगाव उठलं, जामणी उठलं. कायद्यानं ग्रामसभेची संमती लागते आणि ती घेतली गेली, हेही सांगतो. कुटुंबामागं १० लाखांचं पॅकेज होतं, २०२१ मध्ये ते १५ लाख झालं. काही लोक राजीखुशीनं गेले, कारण पोरांना शाळा हवी होती, दवाखाना हवा होता, रात्रीची जागल नको झाली होती. मी त्यांना नावं ठेवत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की जिप्सीत बसलेल्या माणसाला हे कुणी सांगत नाही. फलकावर चितळ किती, सांबर किती हे लिहिलेलं असतं. 'तुम्ही उभे आहात तिथं एक गाव होतं, त्यांनी जागा दिली म्हणून तुम्हाला हा वाघ दिसतो आहे' असा फलक मी अजून पाहिलेला नाही. सैनिकांच्या नावाचा दगड आपण चौकात बसवतो. मग जमीन देऊन गेलेल्या गावाच्या नावाचा एक दगड कुरणाच्या कडेला बसवायला काय हरकत आहे?

बाहेर आल्यावर जावईबापूंनी पोरीच्या हातावर पाचशेची नोट ठेवली. वाघ दिसला होता ना! ज्या गाडीला दिसला नाही तिच्या गाइडला चहाही मिळाला नसेल. सगळा रोग इथं आहे. गाइडची फी ठरलेली, पण वरचं बक्षीस वाघावर. ड्रायव्हरची ख्याती वाघावर. रिसॉर्टचं नाव वाघावर. मग ड्रायव्हर गाडी पळवणार, कॉल ऐकला की आडवी घालणार, आणि कुणी त्याला बोलला तर तो म्हणणार, "पाह्यणेच म्हणतेत, मी काय करू?" उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात २०२४ च्या ३१ डिसेंबरला काय झालं ते महाराष्ट्रानं पाहिलं. एक वाघीण, तिचे पाच बछडे, आणि पुढूनमागून सफारीच्या गाड्या. त्या मायलेकरांना रस्ता सोडून जायला वाट ठेवली नव्हती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. गाइड-ड्रायव्हरांवर कारवाई झाली, ती व्हायलाच हवी होती. पण ज्यांच्यासाठी ती वाट अडवली त्या पाहुण्यांचं काय? वरमाय सोडून वाजंत्र्याला मारायची आपली जुनी खोड आहे.

सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन काही काळ थांबवलं, तेव्हा आमच्याकडं पोटात गोळा आला होता. ऑक्टोबरात बंदी उठली आणि नवे नियम आले. गाभ्याचा २० टक्क्यांहून जास्त भाग पर्यटनाला नको, गाड्यांची संख्या मर्यादित, असे. नियम चांगले आहेत. पण नियम गाड्या मोजतात. गाडीतल्या माणसाची हाव मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही.

आता दुसरी बाजू. तीच जास्त महत्त्वाची.

पाहुणा वाघ पाहायला पैसे मोजतो. आमच्या बायांना वाघ फुकटात दिसतो. मार्चमध्ये मोह पडतो, तेव्हा पहाटे अंधारात टोपली घेऊन झाडाखाली जावं लागतं, उशीर केला तर ढोरं-हरणं फुलं खाऊन जातात. एप्रिलच्या शेवटाला तेंदूपत्ता सुरू होतो. भल्या पहाटे निघायचं, झुडपात वाकून पानं तोडायची, ओझं डोक्यावर आणायचं, दुपारभर घरच्या सगळ्यांनी बसून सत्तर पानांचा एक एक पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर नेऊन द्यायचा. वाकलेली बाई वाघाला माणसासारखी दिसत नाही, असं जाणते म्हणतात. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघिणीनं मारल्या. एकाच दिवशी तीन. त्या आठवड्यातही सफारीच्या फेऱ्या चालू होत्या आणि दारावर लोक विचारत होते, "दिसला का?"

अशी बातमी आली, की शहरातून एक वाक्य ठरलेलं येतं. "पण हे लोक जंगलात जातातच कशाला?" मी हे वाक्य शिकलेल्या माणसांकडून इतक्यांदा ऐकलं आहे, की आता मला त्याचा राग येत नाही. मी हिशेब सांगतो. धान एकदाच पिकतं, तेही पाऊस आणि रानडुकरं यांनी ठेवलं तर. तेंदूपत्त्याच्या दोन-तीन आठवड्यांत जे हातात येतं त्यावर खरिपाचं बियाणं, पोराची वह्यापुस्तकं, एखाद्या लग्नातला आहेर निघतो. मोहाचा पैसा पाऊस लागायच्या आधी दुकानाची उधारी फेडतो. ही कामं कुणी हौसेनं करत नाही. आणि वाघ काही जंगलातच भेटतो असंही नाही. आमच्या गावातली एक काकू वावरात निंदण करताना गेली. स्वतःच्या वावरात, स्वतःच्या पाळीवर. तिला 'कशाला गेली' विचारणाऱ्यानं मला सांगावं, की शेतकऱ्यानं वावरात जायचं नाही तर कुठं जायचं?

त्या काकूच्या घरी पैसे आले. आज माणूस मेला तर सरकार २५ लाख देतं, काही हातात, बाकीचे बँकेत ठेव म्हणून. रक्कम लहान नाही, मी ते मान्य करतो. पण जखमी झालेल्याचं काय? आमच्या गावात एक माणूस आहे, अस्वलानं तोंड ओरबाडलेला. तो एका कार्यालयात कागद घेऊन किती वेळा गेला, ते मी पाहिलं आहे, कारण अर्ज मीच लिहून दिले होते. पंचनामा आहे तर डॉक्टरचा दाखला नाही, दाखला आहे तर सही नाही. डुकरांनी लोळवलेल्या धानाचं तर विचारूच नका. भरपाई मिळते, पण तिच्यामागं फिरण्यात मजुरीचे जितके दिवस बुडतात तितके पैसे वळते केले तर हातात धुपाटणंच राहतं. शेवटी माणूस अर्जच करत नाही. आणि अर्ज आला नाही म्हणजे नुकसान झालं नाही, असं कागद म्हणतो.

कुणी म्हणेल, मास्तर, तुम्ही वाघाच्या विरोधात लिहिता. अजिबात नाही. महाराष्ट्रात २०१८ च्या गणनेत ३१२ वाघ होते, २०२२ मध्ये ४४४ झाले. हे वाघ हवेत वाढले नाहीत. माणसांच्या शेजारी वाढले. ताडोब्याचे वाघ बफरमध्ये राहतात, ब्रह्मपुरीच्या रानात राहतात, चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या आवारातसुद्धा हिंडतात. एवढ्या दाट वस्तीत एवढे वाघ जगले याचं श्रेय कुणाला? संरक्षणासाठी राबणाऱ्या वनरक्षकांना आहे, वनमजुरांना आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात कोलारा परिक्षेत्रात पायी सर्वेक्षण करताना एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. ती वाघीण म्हणजे माया, पर्यटकांची सगळ्यात लाडकी. मायाचे फोटो हजारो घरांत आहेत. त्या वनरक्षक बाईचं नाव त्यातल्या किती घरांत माहीत आहे? आणि तितकंच श्रेय त्या माणसांना आहे, ज्यांची गाय गेली, बैल गेला, माणूस गेलं आणि तरी ज्यांनी मेलेल्या गाईवर विष टाकलं नाही. वाघ संपत आले होते ते कुणामुळं? साठच्या दशकापर्यंत विदर्भाच्या जंगलात परवाने काढून शिकारी होत. साहेब आले, राजे आले, पैसेवाले आले, हाका घालायला आमचे आजे-पणजे आठ-आठ आण्यांवर नेले. कातडी गेली दिवाणखान्यांत. १९७२ ला कायदा झाला, १९७३ ला व्याघ्र प्रकल्प आला, आणि ज्यांच्या भिंतीवर एकही कातडं नव्हतं त्यांच्या दारात नियमांचा फलक लागला.

आमच्या लोकांनाही मी सोडणार नाही. कुंपणात वीज सोडणारे आमच्यातच आहेत. डुकरासाठी तार लावली म्हणतात आणि तिच्यात वाघ मरतो, कधी शेजाऱ्याचं पोरही मरतं. हा गुन्हा आहे आणि 'पीक खातेत म्हणून' हे त्याचं उत्तर नाही. रस्त्याला लागलेली वावरं रिसॉर्टवाल्याला विकून मोटारसायकल घेतलेलेही आमच्यातच आहेत. आज त्याच जागेवर तलाव बांधलाय निळ्या फरशीचा, आणि विकणाऱ्याचा पोरगा तिथं पाहुण्यांच्या बॅगा उचलतो. बापाच्या वावरात पोरगा नोकर. याला विकास म्हणायचं असेल तर म्हणा.

पर्यटनानं काहीच दिलं नाही, असंही मी म्हणत नाही. ज्या पोरीनं मला गव्यांचा कळप दाखवला, ती आज घरात पैसे आणते, तिच्या गावात तिच्या शब्दाला वजन आहे. आता बाया जिप्सीही चालवायला लागल्या. जनवन योजनेतून गॅस आला, काही वावरांना सौर कुंपण आलं. आणि एक मोठी गोष्ट वाघानं आमच्यासाठी केली, ती विसरता येत नाही. आमच्या पायाखाली कोळसा आहे. लोहाऱ्याच्या जंगलात खाण येऊ घातली होती तेव्हा, २००९ च्या सुमाराला, चंद्रपूरकरांनी उपोषणं केली, मोर्चे काढले आणि ताडोब्याचा वाघ पुढं केला. खाण अडली. माणसांच्या अर्जांनी अडली नसती. चंद्रपूरच्या माणसाच्या फुफ्फुसात किती राख जाते हे पाहायला दिल्लीहून कुणी येत नाही, पण वाघाची वाट अडली तर येतात. म्हणून वाघ राहिला पाहिजे. तो आमचाही जामीन आहे.

मग माझं मागणं काय?

पहिलं, पाहुण्यांनो, बक्षीस वाघावर देऊ नका. गाइडनं काय सांगितलं, किती समजावलं, गाडी किती सावकाश नेली, यावर द्या. वाघ दिसला नाही त्या दिवशी जास्त द्या, कारण त्या दिवशी तिनं जास्त मेहनत घेतलेली असते. हा नियम सरकारनं करायची गरज नाही. उद्या सकाळपासून तुम्हाला पाळता येतो.

दुसरं, तेंदूपत्त्याच्या दिवसांत पर्यटकाला मिळते तितकी राखण बाईला मिळाली पाहिजे. कुठल्या कक्षात वाघीण बछड्यांसह आहे हे सफारीवाल्यांना पहाटे पाचला ठाऊक असतं. तीच बातमी तेंदूपत्त्याला निघालेल्या टोळीला का नसावी? वाघ शोधायला जी माणसं आणि यंत्रं आहेत, ती त्या तीन आठवड्यांत वाघापासून बायांना दूर ठेवायला वापरा. पत्ता तोडणारीचा जीव तिकीट काढणाऱ्याच्या जिवाहून स्वस्त नाही.

तिसरं, दारावर जमणाऱ्या पैशाचा हिशेब ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे. समित्या आहेत, पैसा येतो, काही कामं होतात. पण किती आला आणि कुठं गेला हे गावातल्या म्हाताऱ्या बाईला कळेल अशा भाषेत सांगितलं जात नाही. देवळाच्या वर्गणीचा हिशेब आम्ही फळ्यावर लिहितो. वाघाच्या वर्गणीचाही लिहा.

चौथं, वनहक्क. २००६ च्या कायद्यानं गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळतो. आमच्याच जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. त्यांना २०१२ मध्ये तो मिळाला. ते स्वतःचा बांबू स्वतः तोडतात, स्वतः विकतात. आणि तेंदूपत्ता तोडणं त्यांच्या ग्रामसभेनंच बंद केलं, कारण त्यासाठी झाडं छाटावी लागतात, रान पेटवलं जातं. वाचलं ना? ज्यांना 'कशाला जाता जंगलात' म्हणून हिणवलं जातं, त्यांच्या हातात जंगल दिल्यावर त्यांनी आपणहून एक काम सोडलं. कुठल्या अधिकाऱ्यानं सांगून ते सुटलं नसतं. मालकी असलेला माणूस राखतो. पाहुणा कितीही भला असला तरी पाहुणाच.

हे सगळं वाचून कुणी ताडोब्याला यायचं रद्द करू नये. या. जरूर या. आमच्याकडं पाहुण्याला मोहाच्या दिवसांत मोहाची आणि धानाच्या दिवसांत धानाची गोष्ट सांगायची रीत आहे, ती ऐका. रिसॉर्टच्या आत जेवण्यापेक्षा एखाद्या घरी जेवा. तुमच्याकडची कोथिंबीर आमच्याकडं सांबार होते, ताटात 'सांबार टाकू का' असं विचारलं तर घाबरू नका. गाडीत बसल्यावर गाइडला विचारा, बाई, तुझं गाव कोणतं, इथं आधी काय होतं, हे झाड काय कामाला येतं. मारुती चितमपल्ली वनखात्यात साहेब होते, पण जंगलाचे शब्द त्यांनी गोंड-माडिया, ढीवर अशा लोकांजवळ बसून वेचले. साहेबाला ते लाजिरवाणं वाटलं नाही, तर पाच तासांच्या पाहुण्याला का वाटावं? एवढं विचारलंत तर वाघ न दिसताही तुमचे पैसे फिटतील. आणि दिसलाच, तर तो तुम्हाला दिसला एवढंच समजा. तुमच्यासाठी तो तिथं बसलेला नाही.

१ जुलैला गाभा बंद होतो. ३० सप्टेंबरपर्यंत तिथं सफारी नसते, कॅमेरे परत शहरात जातात, मोठ्या रिसॉर्टांत निम्म्या खोल्या रिकाम्या राहतात. त्याच दिवसांत आमच्याकडं रोवणी असते. बाया चिखलात ओळीनं उभ्या राहतात, वाकून परे लावतात, पाठ जंगलाकडं. एकजण पाळीवर काठी घेऊन उभा असतो, तो कामाला हात लावत नाही, नुसता रानाच्या कडेकडं पाहत राहतो. त्याची मजुरी सगळ्या मिळून देतात. वाघ दिसू नये म्हणून पैसे मोजणारी माणसं या जिल्ह्यात आहेत, हे ज्या दिवशी पाहणाऱ्याला कळेल, त्या दिवशी वाघ वाचवायच्या गोष्टी आपण एकत्र बसून बोलू.